बायबल हाच अंतिम अधिकार, मग वादात दोघांनाही वचन कसं सापडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रार्थनेच्या वेळी स्त्रियांनी डोकं झाकावं की नाही, यावर मंडळीत (तुमच्या चर्चमध्ये) वाद पेटला. दोन्ही बाजूंनी वचनं काढली, निकाल काही लागला नाही. त्यात तुमच्या कॅथलिक मित्राने भर घातली की कुठली पुस्तकं बायबलमध्ये असावीत हे मंडळीनेच ठरवलं, तेव्हा मंडळीचा अधिकार आधी. मग ‘पवित्र शास्त्र हाच ख्रिस्ती माणसाचा अधिकार’ असं म्हणण्यात अर्थ काय उरला?

मी प्रोटेस्टंट पाळक आहे आणि बरीच वर्षं बायबल शिकवतो, त्यामुळे माझा कल लपणार नाही. तरी कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळींची बाजू त्यांना स्वतःची म्हणून ओळखता येईल अशी मांडतो. आमच्या व्यासपीठांवरून ती फार वेळा वाकडी मांडली जाते.

आधी मुळाशी जाऊ. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू म्हणतो की स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा सर्व अधिकार मला दिलेला आहे. अधिकार त्याचा. पुस्तकाला अधिकार आहे तो त्याच्याकडून आलेला, त्याच्याविषयी साक्ष देणारा म्हणून. योहान 5 मध्ये तो यहूदी पुढाऱ्यांना हेच सुनावतो: तुम्ही शास्त्रलेख शोधता, ते माझ्याविषयी साक्ष देतात, आणि तुम्ही मात्र माझ्याकडे यायला तयार नाही. शास्त्र तोंडपाठ असूनही चुकता येतं, हे शास्त्रातच लिहून ठेवलंय.

हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण बहुतेक वादांत बायबल कलमांच्या पुस्तकासारखं वापरलं जातं. अमुक अध्याय, तमुक ओवी, विषय संपला. पण बायबलात कलमं थोडी आणि बाकीचं बरंच आहे: इतिहास, गाणी, विलाप, वंशावळ्या, पत्रं, दृष्टान्त. त्यातलं प्रत्येक वाक्य देवाचा हुकूम नसतं. ईयोबाचं पुस्तकच घ्या. ‘तुझा आरंभ अल्प असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल’ अशा अर्थाचं आठव्या अध्यायातलं वचन नव्या वर्षाच्या कार्डांवर आणि घरांच्या भिंतींवर हौसेने लावतात. ते बोलतो कोण? संकटात सापडलेल्या ईयोबाचा मित्र बिल्दद. ईयोबाची मुलं पापामुळेच मेली असावीत, हे त्याने त्याच भाषणात काही ओळी आधी ईयोबाच्या तोंडावर सुनावलेलं आहे. आणि 42 व्या अध्यायात देव स्पष्ट सांगतो की ईयोबाच्या या मित्रांनी माझ्याविषयी यथार्थ भाषण केलं नाही. वचन बायबलातलं, शब्द न् शब्द खरा, आणि तरी ते कोण, कोणाला, कुठल्या सुरात म्हणतोय हे न पाहता वापरलं तर आपण देवाने फटकारलेल्या माणसाची बाजू घेऊन बसतो.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं प्रसिद्ध वचन (3:16) सगळ्यांना पाठ असतं: प्रत्येक शास्त्रलेख देवप्रेरित असून शिक्षण, दोष दाखवणं, सुधारणूक, नीतिशिक्षण यांसाठी उपयोगी आहे. त्याच्या आधीची ओळ मात्र सहसा कोणी वाचत नाही. तीमथ्याला हे लेख बालपणापासून ठाऊक आहेत, असं तिथे म्हटलंय. तीमथ्याच्या बालपणी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूनंतर लिहिलेला भाग, लिहिलेलाच नव्हता. म्हणजे इथे थेट रोख जुन्या कराराकडे आहे. नव्या कराराला हे वचन लागू करायला आणखी एक पायरी लागते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौलाची पत्रं ‘इतर शास्त्रलेखां’च्या पंक्तीला बसवलेली आहेत, तिथे त्या पायरीची सुरुवात दिसते. पण पुढची सगळी यादी बायबलच्या कुठल्याही पानावर नाही. तुमच्या मित्राने बोट ठेवलंय ते नेमकं इथे, आणि त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

यादी कशी झाली? आधी एक गैरसमज दूर करू. 325 साली निकिया इथल्या परिषदेत बिशपांनी मतदान करून बायबल ठरवलं, ही कहाणी खोटी आहे. निकियात वाद ख्रिस्ताच्या देवत्वाचा होता. यादीचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला, आणि त्याला धक्का दिला मार्कियोनने. 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीतून बाहेर पडलेल्या या माणसाने जुना करार पुरता टाकून दिला आणि काटछाट केलेलं लूककृत शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत) व पौलाची दहा पत्रं एवढंच शास्त्र ठेवलं. तेव्हा मंडळ्यांना विचार करावा लागला की आपण उपासनेत नक्की काय वाचतो आणि का. 180 च्या आसपास बिशप आयरेनियस चार शुभवर्तमानं, चारच, असं ठासून सांगतो. पौलाची पत्रं, प्रेषितांची कृत्ये, पेत्राचं पहिलं, योहानाचं पहिलं यांवर फारसा वाद कधी झाला नाही. कडांना मात्र घोळ होता. इब्री लोकांस पत्र पश्चिमेकडे उशिरा रुळलं, प्रकटीकरणाविषयी पूर्वेकडे दीर्घकाळ कुरकुर होती, याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं आणि योहानाची छोटी पत्रं काही ठिकाणी मान्य, काही ठिकाणी शंकास्पद. चौथ्या शतकातल्या सिनाय हस्तलिखितात नव्या करारासोबत बर्णबाचं पत्र आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ही आहे. आज आपण वाचतो त्या बरोबर 27 पुस्तकांची यादी प्रथम सापडते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने 367 साली पाठवलेल्या पास्काच्या (ईस्टरच्या) पत्रात. पुढे 397 ला कार्थेजच्या परिषदेने तीच नव्या कराराची यादी मान्य केली.

यावर प्रोटेस्टंट उत्तर ठरलेलं आहे: सराफ सोनं पारखतो, घडवत नाही. मंडळीने शास्त्राला अधिकार दिला नाही, असलेला ओळखला. मला हे उत्तर पटतं. मार्काचं शुभवर्तमान कुठल्या परिषदेने मंजूर केल्यावर वाचलं जाऊ लागलं असं घडलेलं नाही. ते वाचलं जात होतंच, परिषदा मागून आल्या. पण मित्राचा पुढचा सवाल रास्त आहे: पारखणारा चुकत नाही याची हमी कोणाची? इथे प्रामाणिक प्रोटेस्टंटाला एवढंच म्हणता येतं की या बाबतीत देवाने मंडळीला चुकू दिलं नाही असा आमचा विश्वास आहे. म्हणजे थोडा का होईना, मंडळीवर विश्वास आलाच. तो मान्य करायला लाजू नये.

आणि यादीचा प्रश्न संपलेलाही नाही. प्रोटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलात 73, इथिओपियन ऑर्थोडॉक्स मंडळी 81 मोजतात. त्यात हनोखाचं पुस्तक आहे, ज्यातलं वचन यहूदाच्या पत्राने उद्धृत केलंय. ‘फक्त बायबल’ म्हणताना कुठलं, हा प्रश्न आला की आमचे लोक एकदम गप्प होतात.

1519 साली लाइपझिगच्या वादसभेत प्रोटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणाऱ्या मार्टिन लूथरच्या वाट्याला हेच आलं. समोर योहान एक (Eck) नावाचा मुरब्बी वादपटू. त्याने लूथरला हळूहळू कोपऱ्यात नेलं: चेक सुधारक यान हुसला कॉन्स्टन्सच्या परिषदेने दोषी ठरवलं, 1415 ला जाळलं, मग तुझं म्हणणं हुससारखंच नाही का? लूथरला कबूल करावं लागलं की हुसची काही विधानं अगदी ख्रिस्ती होती आणि परिषदाही चुकू शकतात. तोवर पोपच्या अधिकारावर वाद चालला होता, आता परिषदेचा आधारही गेला. उरलं शास्त्र. तर त्याच सभेत योहान एकने शुद्धिस्थानाच्या (मृत्यूनंतर आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेच्या) बाजूने मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातलं (कॅथलिक बायबलात असलेलं, प्रोटेस्टंट बायबलात नसलेलं) वचन काढलं, आणि लूथर म्हणाला की ते पुस्तक प्रमाणग्रंथांत मोडत नाही. शास्त्रावर सगळी भिस्त ठेवायची तर शास्त्राची हद्द आखावीच लागते, हे त्या सभेत उघडं पडलं. दोन वर्षांनी वर्म्स इथे सम्राटापुढे त्याने जे सांगितलं त्यातही बारकावा आहे: शास्त्राच्या साक्षीने किंवा स्पष्ट तर्काने माझी खात्री पटवा, नाहीतर मी माघार घेणार नाही. परिषदा आणि पोप अनेकदा चुकले आहेत, म्हणून त्यांच्यावर एकट्यावर मी विसंबू शकत नाही. ‘एकट्यावर’ हा शब्द विसरू नका.

सुधारकांनी ‘केवळ शास्त्र’ म्हटलं त्याचा अर्थ ‘शास्त्राखेरीज काहीच नको’ असा नव्हता. लूथर आणि कॅल्विन पानापानाला ऑगस्टीनचा दाखला देतात, निकियाचा विश्वासांगीकार मान्य करतात. त्यांचं म्हणणं होतं की बाकी सगळे अधिकार खरे आहेत, पण तपासले जाण्याजोगे आहेत. शास्त्राला तपासणारं त्याच्यावर काही नाही. अँग्लिकन मंडळीच्या 39 कलमांतलं सहावं कलम हे नेमस्तपणे मांडतं: तारणाला आवश्यक ते सगळं शास्त्रात आहे, आणि जे त्यात वाचायला मिळत नाही किंवा त्यातून सिद्ध होत नाही ते विश्वासाचं कलम म्हणून कोणावर लादू नये. मला ही मांडणी सगळ्यात आवडते, कारण ती लादणाऱ्याचे हात बांधते. ‘मी, माझं बायबल आणि पवित्र आत्मा, बाकी कोणी नको’ हा प्रकार फार नंतरचा. तो दिसायला अतिशय नम्र वाटतो. प्रत्यक्षात त्यात प्रत्येक वाचक आपापल्या घरचा पोप होतो.

आता मित्राची बाजू. 8 एप्रिल 1546 ला कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेने जाहीर केलं की शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेल्या परंपरा, दोन्ही सारख्याच आदराने स्वीकारायच्या. ही काही हवेतून काढलेली गोष्ट नव्हे. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की तोंडी किंवा पत्राने शिकवलेल्या परंपरा धरून राहा. येशू मार्क 7 मध्ये माणसांच्या परंपरांवर आसूड ओढतो हेही खरं. म्हणून शास्त्रच दोन प्रकारच्या परंपरांमध्ये फरक करतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 च्या दस्तऐवजात आणखी स्पष्ट केलं की शास्त्र आणि परंपरा एकाच उगमातून वाहतात, आणि मंडळीचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. हे वाक्य बऱ्याच प्रोटेस्टंटांना कॅथलिकांचं वाटतच नाही. ऑर्थोडॉक्स मंडळी तर ‘शास्त्र की परंपरा’ हा प्रश्नच चुकीचा मानतात. त्यांच्या लेखी परंपरा म्हणजे मंडळीतलं पवित्र आत्म्याचं जिवंत कार्य, आणि शास्त्र तिच्या गाभ्यात आहे, तिच्या समोर उभं नाही.

मग भांडण कशाचं? शास्त्र देवाचं वचन आहे यावर तिघांचंही एकमत. भांडण आहे ते अर्थाचा शेवटचा शब्द कोणाचा, यावर. आणि इथे प्रोटेस्टंट इतिहास फार अभिमानाचा नाही. ऑक्टोबर 1529 मध्ये मारबुर्गच्या वाड्यात लूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. प्रभुभोजनातल्या भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं का, हा प्रश्न होता. दोघेही शास्त्र सर्वोच्च मानणारे. लूथरने खडू घेऊन मेजावर लॅटिनमध्ये लिहिलं, ‘हे माझं शरीर आहे’, आणि त्यावर कापड झाकलं. झ्विंग्लीने योहान 6 काढला: आत्मा जिवंत करणारा आहे, देहाचा काही उपयोग नाही. तो म्हणाला, हे वचन तुमची मान मोडेल. लूथरने सुनावलं, इथे माना इतक्या सहज मोडत नाहीत, तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये नाही. पुढे कापड बाजूला करून त्याने मेजावरचे शब्द दाखवले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर एकमत झालं, पंधराव्यातल्या या एका गोष्टीवर फिसकटलं आणि दोन प्रवाह कायमचे वेगळे झाले. बायबल एक, मान्यता सारखी, प्रामाणिकपणाही सारखा.

तरीही मी कॅथलिक होत नाही, याचं कारण असं की वरचा अधिकारी नेमल्याने अर्थ लावण्याचं काम संपत नाही, एक पायरी पुढे सरकतं. पोपचं पत्र आलं की त्याचाही अर्थ लावावा लागतो, त्यावरही दोन तट पडतात. दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. शास्त्राला स्वतःचा एक जोर आहे, तो त्याचा रखवालदारही पुरता आवरू शकत नाही. 1807 साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी बायबलचे ‘निवडक भाग’ छापले गेले. इजिप्तच्या दास्यातून सुटकेची कथा गाळली. ‘दास नाही, स्वतंत्र नाही, तुम्ही सर्व ख्रिस्त येशूच्या ठायी एकच आहात’ हे गलतीकरांतलं वचन गाळलं. दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावं हे इफिसकरांतलं वचन ठेवलं. गुलामगिरीच्या बाजूने वचनं होती हे खरंच, पाळक ती व्यासपीठावरून वाचत होते. पण आपली बाजू शास्त्रसंमत आहे अशी पक्की खात्री असणाऱ्याला निम्म्याहून जास्त पुस्तक कापावं का लागलं असतं? अख्खं बायबल हातात पडलं तर काय होईल, हे छापणाऱ्यांनी नीट ओळखलं होतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर यातच आहे. दोघांनाही वचन सापडतं, कारण सुटं वचन कोणालाही सापडतं. मत्तय 4 मध्ये सैतानालाही सापडलं. मंदिराच्या कंगोऱ्यावर तो 91 वं स्तोत्र म्हणतो: देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल. मात्र ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळतो. येशू काय करतो? शास्त्र बाजूला ठेवत नाही, माझा अधिकार वेगळा आहे असंही म्हणत नाही. ‘असेही लिहिले आहे’ म्हणून ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातली ओळ पुढे करतो. वचनाला उत्तर दुसऱ्या वचनाने, आणि तेही पहिल्याला खोडण्यासाठी नव्हे, त्याच्या जागी बसवण्यासाठी.

डोकं झाकण्याच्या वादाला हेच लावून बघा. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 11. तो सुरू कसा होतो? दुसऱ्या ओवीत पौल करिंथकरांची स्तुती करतो, कारण त्याने सोपवलेल्या परंपरा ते पाळतात. म्हणजे ‘परंपरा नको, वचन दाखवा’ म्हणणारे जे वचन दाखवतात ते परंपरेच्या कौतुकानेच सुरू होतं. पुढे तो कारणं देतो, आणि ती एका जातीची नाहीत: मस्तकांची उतरंड, सृष्टीचा क्रम, देवदूतांचा एक गूढ उल्लेख ज्यावर आजतागायत एकमत नाही, पुरुषाने लांब केस ठेवणं निसर्गाला धरून नाही, आणि सरतेशेवटी मंडळ्यांची रीत. मध्येच 13 व्या ओवीत तो वाचकांनाच म्हणतो, तुम्ही आपल्याशी ठरवा. सृष्टीचा दाखला पाहून एक बाजू म्हणते हे सर्वकाळासाठी. रीत आणि केस पाहून दुसरी म्हणते हे त्या काळापुरतं. दोघांच्याही पायाखाली मजकूर आहे.

पण दोघांनाही अडचणीचं वाटेल असं काही तिथेच आहे. झाकायला लावणाऱ्यांनी पाचवी ओवी पुन्हा वाचावी: तिथे स्त्री मंडळीत प्रार्थना करते आणि संदेश देते हे गृहीतच धरलंय. जे डोकं झाकायचा आग्रह धरतात तेच बहुतेक वेळा तिला बोलू देत नाहीत. आणि ‘ती तेव्हाची रीत’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी सांगावं की याच पत्रातलं बाकी काय काय तेव्हाचं, आणि ते कशावरून ठरवलं. पवित्र चुंबनाने एकमेकांना सलाम करा, ही आज्ञा पौल चार पत्रांत देतो. डोकं झाकण्याविषयी एकाच ठिकाणी लिहितो. चुंबनावरून फुटलेली मंडळी माझ्या पाहण्यात नाही. आपण सगळेच कुठेतरी आज्ञेचं बाह्य रूप सोडून गाभा धरतो. फरक इतकाच की आपण ते केलं की ‘अर्थ समजून घेणं’ आणि समोरच्याने केलं की ‘वचनात तडजोड’. तुमच्या मित्रालाही हे सांगा: 1917 च्या कॅथलिक धर्मविधानात स्त्रियांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असा नियम होता, 1983 च्या विधानात तो नाही. तिथेही कोणीतरी बसून गाभा आणि रूप वेगळं केलंच.

माझा कौल विचाराल, तर हा विषय रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायातल्या मांस-भाजीच्या वादाच्या जातीचा आहे, जिथे पौल दोन्ही गटांना एकमेकांचा न्याय करायचं बंद करायला लावतो आणि प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी म्हणतो. करिंथकरांच्याच 15 व्या अध्यायातलं पुनरुत्थान या जातीचं नाही. तिथे पौल मोकळीक देत नाही, ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणाच व्यर्थ असं म्हणतो.

पुढच्या बैठकीला पुस्तिका, उपदेशांचे व्हिडिओ, कोणाच्या आवडत्या वक्त्याची टिपणं काही आणू देऊ नका. करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा ते चौदावा अध्याय सलग मोठ्याने वाचा, जमल्यास दोन वेगवेगळ्या भाषांतरांतून. मग प्रत्येक गटाला समोरच्या गटाची सगळ्यात भक्कम ओवी कुठली ते सांगायला लावा, आणि समोरचा गट ‘हो, आमचं म्हणणं हेच’ म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. यालाच एक संध्याकाळ लागेल. निर्णय त्या दिवशी घेऊच नका.